जामीन

माझा व्यवसाय कोणता, असें कोणीं विचारलें म्हणजे मी किंचित् घोटाळतों. 'परिवीक्षा अधिकारी' एवढ्यानें भागत नाहीं. "म्हणजे पोलिसांत का?" नाहीं. "मग वकील असाल!" तसेंहि नाहीं. "तर मग तुरुंगाकडे?" तुरुंगांत गेल्यावांचून माणूस सुधारावा, यासाठीं माझी नेमणूक आहे, असें सांगितलें कीं विचारणारे गृहस्थ मजकडे जरा संशयानेंच पाहूं लागतात. चोरांची बाजू घेण्यास सरकारनें पगारी मनुष्य ठेवावा, हें त्यांस पटत नाहीं.

वस्तुतः मी कोणाचीच बाजू घेत नाहीं. एकवीस वर्षांखालील मनुष्य दोषी ठरला, आणि अपराध जन्मठेपेस पात्र नसला, तर त्याला कैदेंत धाडण्यापूर्वीं न्यायालयानें अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तरीहि कैदच द्यावयाची तर तिचीं कारणें लिहून ठेवावीं, असें १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम सांगतो. तो अहवाल मीं लिहावयाचा. बंधपत्रावर सुटलेल्या माणसावर देखरेख मीं ठेवावयाची. शिवाय जरूर पडेल तेथें त्यास योग्य नोकरी मिळवून देण्याचा यत्न करावा, असेंहि चौदाव्या कलमांत सहज लिहून ठेवलें आहे. हें कलम लिहिलें गेलें तेव्हां पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना नुकताच सुरू झाला होता. आणि चाकण म्हणजे कांद्याचा बाजार व फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेला भुईकोट, एवढेंच लोकांस ठाऊक होतें. आज त्या चाकणांत मोटारींचे कारखाने आहेत, प्रत्येक कारखान्यास फाटक आहे, आणि फाटकावर एक छापील अर्ज आहे. माझी खरी परीक्षा त्या अर्जापाशीं होते.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. बीडकडचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा ठेकेदारामार्फत येथें कामास आला होता. तांब्याच्या तारेचे तुकडे जेवणाच्या डब्यांत घालून नेतांना तो पहाऱ्यावर सांपडला. गुन्हा त्यानें कबूल केला, आणि राजगुरुनगरच्या न्यायालयानें मजकडून अहवाल मागविला. मी त्याच्या बिऱ्हाडीं गेलों. शेतांत उभारलेली पत्र्याच्या खोल्यांची चाळ. एका खोलींत सहा जण. तिघे दिवसपाळीस व तिघे रात्रपाळीस, म्हणून अंथरुणें तीनच. किराणा दुकानदारानें उधारीची वही दाखविली. मुलाची बाकी महिन्याच्या महिन्यास फिटलेली होती. आईच्या औषधासाठीं त्यानें चोरी केली, असें लिहावयास मिळालें असतें तर माझी लेखणी सुखानें चालली असती. पण तसें नव्हतें. त्याला नवा मोबाइल घ्यावयाचा होता. मीं तें लिहिलें, आणि त्याखालीं उधारीच्या वहीचीहि हकीकत लिहिली. एक वर्षाच्या बंधपत्रावर न्यायालयानें त्यास सोडलें.

सुटका झाली, नोकरी मात्र गेली. या कायद्याखालीं चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्या माणसास दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागूं नये, असें बारावें कलम म्हणतें. परंतु फाटकावरच्या अर्जांत बारावें कलम छापलेलें नसतें. तेथें एक रकाना असतो : 'आपणांवर कधीं गुन्हा दाखल झाला आहे काय?' आणि खालीं पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला जोडण्याची सूचना असते.

मुलगा तो अर्ज घेऊन मजकडे आला. "साहेब, 'नाही' लिहू का?"

मी बराच वेळ बोललों नाहीं. 'होय' लिहिलें तर तो फाटकावरून परत येणार, हें उघड होतें. 'नाहीं' लिही म्हणणें म्हणजे ज्याच्या चांगल्या वर्तणुकीवर मीं नजर ठेवावयाची, त्यालाच मीं खोटें शिकविणें. "होय लिही," मी म्हणालों. चार फाटकांवरून तो परत आला. चौथ्या खेपेस तो मजकडे रागानें पाहत होता, आणि तो राग मला अन्यायाचा वाटला नाहीं. खरें बोलण्याचा सल्ला माझा होता. त्याची किंमत तो देत होता.

शेवटीं भोसरींत चार लेथ असलेल्या एका लहान कारखान्यांत मी त्याला घेऊन गेलों. आपण काय केलें तें त्यानें मालकांस स्वतःच सांगितलें. मालक वयस्क होते. स्वतः लेथवर उभें राहून वर आलेले. त्यांनीं अर्ज पुढें केला नाहीं. मला एवढेंच विचारलें, "तुम्ही याला जामीन राहता का?"

त्या प्रश्नानें मी चपापलों. आमच्या व्यवसायाचा मूळपुरुष जामीनच होता! १८४१ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाच्या जोडे शिवणाऱ्या गृहस्थानें न्यायालयांत उभ्या असलेल्या एका दारुड्यास स्वतःच्या जबाबदारीवर सोडवून नेलें. तीन आठवड्यांनीं तो मनुष्य शुद्धीवर परत आला, आणि न्यायाधीशांनीं त्याला एक सेंट दंड करून सोडून दिलें. पुढें १८५९ त मरण येईपर्यंत ऑगस्टसनें सुमारें १,९०० माणसांस असेंच सोडविलें. त्या एका माणसाच्या शब्दांतून पुढें कायदे निघाले : अमेरिकेच्या संघ-न्यायालयांसाठीं १९२५ त, मुंबई प्रांतांत १९३८ त, सबंध भारतासाठीं १९५८ त. जामीन राहणाऱ्याच्या जागीं अहवाल लिहिणारा आला. मला पगार आहे, पद आहे, शिक्का आहे. पण ऑगस्टसनें पणास लावलेलें असें माझें काय आहे?

"जामीन राहणें माझ्या कामांत बसत नाहीं," मीं मालकांस सांगितलें, "पण दर आठवड्यास मी येथें येऊन जाईन." त्यांनीं क्षणभर विचार केला आणि मुलास म्हणाले, "उद्या आठ वाजता ये. उशीर चालणार नाही."

वर्ष संपलें, बंधपत्राची मुदत भरली, मीं कागद बांधून ठेवले. यावरून माझी पारख अचूक आहे असें कोणीं समजूं नये. त्याच वर्षीं याहून चांगला अहवाल मीं दुसऱ्या एका मुलाविषयीं लिहिला होता. तो आठ महिन्यांत पुन्हां पकडला गेला, आणि न्यायालयापुढें मला खालीं मान घालून उभें राहावें लागलें. जामिनास बुडण्याचेंहि भय असावें लागतें. एरवीं त्याच्या शब्दास वजन तें कसलें?

पुढच्या खंडेनवमीस मालकांनीं बोलावणें धाडलें. लेथ धुऊन पुसून ठेवले होते, त्यांवर झेंडूच्या माळा होत्या. तेलकट हात पुसत त्या मुलानें मला पेढा दिला. पूजेस आलेल्या एका गिऱ्हाइकानें माझ्याकडे पाहून मालकांस विचारलें, "हे कोण?"

"हे आमच्या पोराचे जामीन," मालक म्हणाले.

माझा व्यवसाय इतक्या थोडक्यांत मला स्वतःला कधीं सांगतां आला नव्हता. मीं त्यांची चूक दुरुस्त केली नाहीं.