घुग्घुसचा समुद्र

वर्धेकाठच्या आमच्या घुग्घुसला कोळसा मुबलक. समुद्र मात्र शेकडो मैल दूर. तरी गतवर्षी तो आमच्या बैठकीच्या खोलीत अवतरला! निमित्त कन्येचा हट्ट. काचेची पेटी आली, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ कालवले आणि आठवड्यातच केशरी पट्ट्यांचा मासा सोडला. चौथ्या दिवशी तो निपचित! पोर जेवेना. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या मला एवढेही ठाऊक नव्हते, की माशाच्या मलातला अमोनिया पचवणारे जंतू खडकांत रुजायला चार-सहा आठवडे लागतात. मासा नव्हे, आधी पाणी पाळायचे असते.

दुसऱ्या खेपेस सहा आठवडे आम्ही रिकाम्या पेटीपुढे बसलो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला. पेटीवर पंखा लावला. पाणी उडते, मीठ उरते. म्हणून सौभाग्यवती रोज गोड्या पाण्याची भर घालीत. प्रवाळ मात्र आणले नाहीत; खडक रचणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातच शोभतात.

आज पेटीत दोन मासे खेळतात. या भागात सिमेंटसाठी जो चुनखडक खणतात, तो प्राचीन समुद्राच्या तळाशीच साचलेला. म्हणजे वाचकहो, समुद्र आमच्याकडे पाहुणा नव्हे. तो माहेरी आला आहे!