तपासलं रक्त, निष्कर्ष हृदयाचा

संपादकांनी विषय दिला तो असा : ‘आदिवासींना हार्ट अटॅक का येत नाही?’ येत नाही हे प्रश्नातच गृहीत धरलंय, त्यामुळे आधी त्या गृहीतकालाच हात घालतो. त्यासाठी ग्रीनलंडच्या इनुइट या आदिवासी लोकांचं प्रकरण घेतो. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्याचा मी बरीच वर्षं मागोवा घेत आलो आहे.

१९७०च्या सुमारास हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश डॉक्टर वायव्य ग्रीनलंडमधल्या ऊमानाक भागात गेले. तिथलं जेवण म्हणजे सील, देवमासा, मासळी. एवढी चरबी खाणाऱ्यांचं रक्त कसं असेल? १३० जणांची तपासणी झाली. डेन्मार्कच्या लोकांपेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल कमी निघालं, ट्रायग्लिसराइड तर फारच कमी. पुढे त्याच रक्तात इपीए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर सापडलं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की गुठळी धरते; इपीए हा चिकटपणा कमी करतं. इनुइटांचं रक्त थांबायला जास्त वेळ का लागतो, तेही यातून उलगडलं. हे काम अस्सल आहे, त्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

पण या दोघांनी कुणाचं हृदय तपासलं नव्हतं. इनुइटांना हृदयविकार कमी होतो, हे त्यांनी सरकारी आरोग्य अहवालांवरून घेतलं. दूरच्या वस्त्यांत डॉक्टरच नसे. कित्येक मृत्युदाखले मृतदेह न पाहता लिहिले जात. अशा नोंदींत हार्ट अटॅक दिसणार कुठून? ग्रीनलंडमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या आल्फ्रेड बर्टेलसन यांनी तर १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं की धमन्या कडक होण्याचा विकार तिथे सर्रास आढळतो. २०१४ मध्ये जॉर्ज फोडोर आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी जुने-नवे सगळे पुरावे पुन्हा चाळले. इनुइटांमध्ये हृदयविकार इतरांइतकाच होता, आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू जास्त होते. २०१९ मध्ये सोळाव्या शतकातल्या पाच ग्रीनलंडी ममींचं सीटी स्कॅन झालं, त्यांतल्या तिघांच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेलं दिसलं. तेव्हा ना तिथे दुकान होतं, ना साखर.

हा वाद माझ्या ओपीडीत येऊन बसतो, म्हणून एवढं खोलात जातोय. अलीकडेच एक गृहस्थ दुसऱ्यांदा छातीत दुखतंय म्हणून आले. स्टेंट बसवल्यावर दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी परस्पर बंद केली होती आणि माशाच्या तेलाच्या, म्हणजे ओमेगा-३च्या, कॅप्सूल सुरू केल्या होत्या. ‘नैसर्गिक आहे ना डॉक्टर.’ जागी झालेली भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती, तरी कॅप्सूलची बाटली हातातून सुटत नव्हती. हे गृहस्थ अजून माझ्या मनातून जात नाहीत. २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या चाचणीचे निकाल आले. जवळपास २६ हजार लोक होते. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू हे सगळं मिळून लक्षणीय घटलं नाही. ट्रायग्लिसराइड चढलेल्या काही रुग्णांना शुद्ध इपीएचा मोठा डोस उपयोगी पडतो, पण ते डॉक्टरांनी द्यायचं औषध आहे, आणि त्याने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

या तेलाच्या गदारोळात खरी गोष्ट मागे पडली. १९५०-६०च्या दशकांत डेन्मार्कच्या धोरणाने लोकांना छोट्या वस्त्यांतून शहरांत आणलं. राजधानी नूकमधल्या ‘ब्लॉक पी’ या एकाच इमारतीत ग्रीनलंडची सुमारे एक टक्का लोकसंख्या राहत होती. कयाक, कुत्र्यांच्या गाड्या आणि शिकार मागे राहिली. मैदा, साखर, सिगारेट दुकानात मिळू लागली. त्यात इनुइटांमध्ये टीबीसी१डी४ या जनुकाचा एक बदल आढळतो. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर स्नायू जेवणानंतरची साखर नीट उचलत नाहीत, आणि टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे दहापट होतो. २०१४ मध्ये हे उघड झालं. सीलच्या मांसात पिष्ट जवळपास नसतंच, तेव्हा हा बदल अंगात असूनही फारसं बिघडत नसावं, असा माझा तर्क आहे. पाव आणि गोड पेयं रोजची झाल्यावर तो महागात पडतो.

मग जुन्या जेवणाकडे परत जा म्हणावं, तर तेही सोपं नाही. दूरच्या कारखान्यांचा पारा वाऱ्यापाण्याबरोबर आर्क्टिकमध्ये पोचतो, आणि सील, देवमाशांच्या शरीरात साठत जातो. गरोदर बाईच्या ताटात सीलचं मांस किती असावं, हे तिथल्या डॉक्टरला आता पाऱ्याचा हिशेब करून सांगावं लागतं.