इशारा ऐकणारा माणूस बोटीवर हवा



आम्ही कारकून माणूस. आमचे अर्धे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. समुद्राशी आमचा संबंध तसा बेताचाच. तरीही उत्तरेकडच्या गारठलेल्या समुद्रात मासे धरणाऱ्या मजुरांची एक हकीकत आम्ही वस्तीतल्या बैठकांतून वारंवार सांगत असतो. कारण तिच्यात हवामानाचे शास्त्र आहे, आणि कष्टकऱ्याच्या जिवाची काळजी वाहायची कोणी, हा प्रश्नही आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याकडे हल नावाचे बंदर आहे. तेथील हेसल रोड म्हणजे मच्छीमार कामगारांची वस्ती. पुरुष ट्रॉलर नावाच्या मोठ्या मासेमारी बोटींवर, तर पुष्कळ बायका मासळीच्या कारखान्यांत कामाला. या बोटी भर हिवाळ्यात आइसलंडच्या समुद्रात जात. तीन-तीन आठवडे घराचे तोंड दिसत नसे. कमाई बरीचशी माशांच्या विक्रीवर. बोट रिकामी परतली तर घरची चूल कशी पेटणार? म्हणून वादळ असो, थंडी असो, माणसे जातच राहिली.

तिकडच्या समुद्राची तऱ्हाच वेगळी. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, सुमारे उणे १.८ अंशाला गोठते. पण ध्रुवाकडून येणारी हवा त्याहून कितीतरी थंड असते. अशा वेळी जोराचा वारा सुटला की लाटांचे तुषार बोटीवर उडतात आणि जेथे पडतात तेथेच गोठतात. डोलकाठी, दोरखंड, कठडे, रडार, सारे बर्फाने मढून जाते. वारा जितका जोराचा आणि हवा जितकी थंड, तितका थर झपाट्याने चढतो. मग खलाशी कुऱ्हाडी-हातोडे घेऊन रात्रंदिवस बर्फ फोडत राहतात.

आमच्या महिलांच्या बैठकीत एका आजींनी विचारले, "भाऊ, बर्फ तर पाण्यावर तरंगतो. मग त्यानं बोट कशी काय बुडते?"

प्रश्न अगदी नेमका होता. आम्ही म्हणालो, "आजी, हातगाडीवर माल खाली भरला तर गाडी नीट चालते. तोच माल उंच रचत गेलं तर वळणावर गाडी कलंडते ना? तसंच हे." एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे नऊशे किलो भरते. असे कित्येक टन वजन बोटीच्या वरच्या भागात साचले की तिचा तोल जातो. एरवी लाटेने कललेली बोट पुन्हा सरळ होते. बर्फाने जड झालेली बोट कलते ती कलतेच.

हे ज्ञान पूर्वी नव्हते असे नाही. २६ जानेवारी १९५५ रोजी लोरेला आणि रॉडेरिगो या हलच्याच दोन बोटी आइसलंडच्या उत्तरेस बर्फाच्या भाराने उलटल्या. दोन्हींवरचे मिळून ४० जण गेले, एकही वाचला नाही. त्यानंतर १३ वर्षांनी काय झाले ते पाहा.

१० जानेवारी १९६८ रोजी सेंट रोमानस ही बोट हलहून निघाली. तिच्यावर रेडिओ चालवणारा माणूसच नव्हता! त्याच दिवशी तिच्याशी शेवटचे बोलणे झाले, आणि शोध सुरू झाला २६ जानेवारीला. ती कशाने बुडाली हे नक्की कळलेच नाही. किंग्स्टन पेरिडॉट ही दुसरी बोट आइसलंडच्या उत्तरेस बर्फाशी झुंजत असल्याचे कळवून नाहीशी झाली. तिसरी रॉस क्लीव्हलँड. ती वादळाचा इशारा ऐकून आइसलंडच्या एका खाडीत आसऱ्याला गेली होती. पण ४ फेब्रुवारीला तेथेच उलटली. तिच्यावरील हॅरी एडम हा एकटा वाचला. तीन बोटींवरचे ५८ कामगार प्राणास मुकले.

तेव्हा हेसल रोडच्या बायका उठल्या. त्यांची पुढारी लिलियन बिलोका ही मासळी साफ करणारी कामगार. तिचा मुलगाही ट्रॉलरवर होता. बाई गोदीवर आली तर अपशकुन होतो, अशी तिथली समजूत. ती झुगारून या बायका गोदीवर मोर्चा घेऊन गेल्या. रेडिओवाल्याशिवाय निघालेली बोट अडवायला बिलोकाबाई धावल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांना धरले. दहा हजार सह्या गोळा करून त्यांनी लंडनला मंत्र्यांपुढे मागण्या मांडल्या: प्रत्येक बोटीवर पूर्ण वेळ रेडिओवाला हवा, हवामानाची खबर वेळेवर हवी, वैद्यकीय मदत देणारी नौका हवी. सरकारला त्या मान्य कराव्या लागल्या. पुढच्याच हिवाळ्यात ओर्सिनो ही मदतनौका आइसलंडच्या समुद्रात तैनात झाली.

बिलोकाबाईंना मात्र नोकरी गमवावी लागली, धमकीची पत्रे आली. १९८८ साली त्या वारल्या. ज्यांचे जीव वाचले त्यांची नावे कोणत्याच वहीत नसतात, कारण ते सुखरूप घरी आलेले असतात!

आपल्याकडे समुद्रात बर्फ नाही, पण प्रश्न तोच आहे. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. कित्येकांपर्यंत इशारा वेळेवर पोहोचलाच नाही. पुष्कळ जण परतले नाहीत. काही नौका भरकटत आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या.

आज उपग्रह आहेत, वादळाचा अंदाज कितीतरी आधी कळतो. पण कार्यालयात टाचून ठेवलेल्या इशाऱ्याने कोणाचा जीव वाचत नाही. तो ऐकणारे यंत्र बोटीवर हवे, ते चालवणारा माणूस हवा आणि ऐकल्यावर पोटाची चिंता न करता माघारी फिरण्याची मुभा हवी. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो, म्हणून मागितल्याशिवाय त्या मिळत नाहीत. तेव्हा बंधु-भगिनींनो, आपल्या घरातला माणूस जोखमीच्या कामावर जात असेल, तर धोक्याची खबर त्याला कोण देतो आणि ती ऐकून थांबायचा हक्क त्याला आहे का, हे एकदा जरूर विचारा. एकट्याने नव्हे, दहाजण मिळून विचारा.