दाखला

महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या मनुष्याच्या आयुष्याचा बराच भाग दाखले देण्यात जातो. अमुक विद्यार्थी आमच्या माहितीप्रमाणे सच्छील आहे, तमुकाची वर्गातील उपस्थिती समाधानकारक आहे, अशी वाक्ये आम्ही गेली तीस वर्षे लिहीत आलो आहोत. ‘आमच्या माहितीप्रमाणे’ या दोन शब्दांत केवढी सोय भरलेली असते, हे दाखला घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यासच अधिक ठाऊक असते. म्हणूनच की काय, एका महासत्तेच्या अध्यक्षाने आपल्या विधिमंडळास दर वर्षी द्यावयाच्या एका दाखल्याची हकीकत आम्हांस पुष्कळ दिवसांपासून विचारात पाडीत आली आहे. तो दाखला दिला जाई वॉशिंग्टनमध्ये. परंतु त्याच्या खरेखोटेपणावर आपल्या देशाची सुरक्षितता काही अंशी अवलंबून होती.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. परराष्ट्रांस शस्त्रे विकणे व लष्करी मदत देणे हे काम अमेरिकेत सरकारचे असले, तरी ते विधिमंडळास कळविल्यावाचून करता येऊ नये, असा तेथील लोकप्रतिनिधींचा आग्रह व्हिएतनामच्या युद्धानंतर वाढत गेला. १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने त्यास कायमचे रूप आले. ठराविक रकमेहून मोठा व्यवहार असेल तर तो पक्का करण्यापूर्वी काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, लेखी सूचना द्यावयाची आणि सामान्यतः तीस दिवस थांबावयाचे. जवळच्या मित्रराष्ट्रांच्या बाबतीत ही मुदत पंधरा दिवसांची. तेवढ्या अवधीत काँग्रेसला वाटल्यास तिने नापसंतीचा ठराव आणावा.

आम्ही ज्या दाखल्याविषयी बोलत आहो, तो याच वृत्तीतून जन्मास आला. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पाकिस्तान अमेरिकेस एकाएकी फार प्रिय झाला. १९८१ मध्ये सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरांची मदत ठरली. चाळीस एफ-१६ लढाऊ विमाने विकण्याचेही ठरले. इकडे पाकिस्तान अणुबॉम्बच्या मागे लागला आहे, हे लपून राहिले नव्हते. तेव्हा १९८५ मध्ये काँग्रेसने एक तोड काढली. सिनेटर लॅरी प्रेसलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने असे ठरविले की, पाकिस्तानजवळ अण्वस्त्र नाही आणि आपल्या मदतीमुळे ते त्याच्या हाती येण्याचा धोका बराच कमी होईल, असे अध्यक्षांनी दर वर्षी लेखी प्रमाणित करावे. तरच मदत चालू राहील.

अध्यक्ष रेगन यांनी तसा दाखला दिला, आणि १९८९ मध्ये अध्यक्ष बुश यांनीही दिला. आता ‘जवळ असणे’ याचा अर्थ काय? सुटे भाग तयार असले, पण ते एकत्र जुळविलेले नसले, तर अस्त्र जवळ आहे म्हणावे की नाही? दाखला देणाऱ्यांनी सोयीचा तो अर्थ घेतला. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी जे अर्धसत्य उच्चारले त्याने त्याचा रथ भूमीस टेकला, अशी आपल्याकडे कथा आहे. आधुनिक राजनीतीत रथ इतक्या लवकर टेकत नाहीत. उलट, सत्य बोलणाऱ्याचेच आसन प्रथम डळमळते. रिचर्ड बार्लो नावाच्या एका गुप्तवार्ता विश्लेषकाने १९८७ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे पाकिस्तानच्या चोरट्या खरेदीविषयी वरिष्ठांच्या सांगण्याहून निराळी माहिती दिली. पुढे संरक्षण खात्यात गेल्यावर, ती विमाने अणुबॉम्ब वाहून नेऊ शकत नाहीत असे जे काँग्रेसला सांगितले जात होते, त्यास त्याने हरकत घेतली. १९८९ मध्ये त्यास तेथून काढून टाकण्यात आले. आम्ही हे वाचतो तेव्हा परराष्ट्रातील एका अधिकाऱ्याची नोकरी गेली एवढेच आमच्या मनात येत नाही. ती विमाने कोणत्या शहरांच्या टप्प्यात उभी राहणार होती, हेही येते.

सोव्हिएत फौजा १९८९ च्या फेब्रुवारीत परत गेल्या. त्यानंतरचे वर्ष आम्हांस चांगले स्मरते. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो; काश्मीरवरून पुन्हा युद्ध पेटणार की काय, याची चर्चा वसतिगृहाच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चाले. त्या १९९० च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बुश यांनी दाखला दिला नाही. मदत थांबली. पाकिस्तानसाठी बांधलेली, पैसे भरलेली अठ्ठावीस एफ-१६ विमाने त्यास मिळाली नाहीत, आणि त्या पैशांचा वाद मिटण्यास १९९८ चा डिसेंबर उजाडावा लागला. गरज सरो आणि वैद्य मरो, हीच यातील खरी नीती, असे कोणी म्हणेल तर त्यास खोटे म्हणता येणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात अणुस्फोट केले, तेव्हा बॉम्ब कागदाने अडत नाही हेही सिद्ध झाले.

मग असल्या दाखल्यांचा उपयोग काय? आक्षेपकांजवळ याहूनही सबळ पुरावा आहे. २०१९ च्या मे महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी आणीबाणीचे कलम पुढे करून, सौदी अरेबिया व इतर दोन अरब राष्ट्रांना सुमारे ८१० कोटी डॉलरांची शस्त्रे विकण्याचे बावीस व्यवहार ती मुदत न पाळताच पुढे रेटले. काँग्रेसने नापसंतीचे ठराव केले. अध्यक्षांनी ते नकाराधिकाराने फेटाळले. किंबहुना, २०२४ संपेपर्यंत अशा ठरावाने कोणतीही विक्री शेवटास अडली, असे एकदाही घडले नाही.

तथापि एवढ्यावरून निकाल देणे उतावीळपणाचे होईल. १९८६ मध्ये सौदी अरेबियास क्षेपणास्त्रे विकण्याच्या बाबतीत नकाराधिकार अवघ्या एका मताने टिकला. आणि ते मत मिळविण्यापूर्वी खांद्यावरून सोडावयाची स्टिंगर क्षेपणास्त्रे व्यवहारातून वगळावी लागली. १९९० मध्ये तर कोणताही ठराव झाला नाही. केवळ एक वाक्य लिहिले गेले नाही, आणि अठ्ठावीस विमाने अडून राहिली. कायदा नसता तर ते वाक्य कोणी मागितलेच नसते, आणि न लिहिण्याचाही प्रश्न उद्भवला नसता. दाखल्याचे सामर्थ्य यातच आहे. तो असत्यास अशक्य करीत नाही. पण असत्याखाली कोणाची तरी सही घेऊन ठेवतो. सही करणाऱ्या हातास कधीतरी कंप सुटतो, आणि केलेली सही पुढच्या पिढीस वाचता येते.

आता आपल्या घराकडे वळू. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या सरकारने भारतास ३१ एमक्यू-९बी मानवरहित विमाने विकण्याच्या प्रस्तावाची सूचना काँग्रेसला दिली; सोबतची सामग्री आणि ३९९ कोटी डॉलरांची अंदाजी किंमत तीत नमूद होती. ती सूचना प्रसिद्ध झाल्यामुळे पुण्यात बसून आम्हांसही वाचता आली. आपल्या संसदेपुढे संरक्षणाच्या मागण्या वर्षातून एकदा येतात, महालेखापरीक्षकांचा अहवाल व्यवहार उरकल्यानंतर येतो. पण करारापूर्वी इतके दिवस आधी प्रतिनिधींस कळवावे, असे बंधन आपल्या कायद्यात नाही. आजवर आपण मुख्यतः घेणारे होतो. आता देणारेही झालो आहो. फिलिपाइन्सने २०२२ च्या जानेवारीत ब्राह्मोस क्षेपणास्त्रांसाठी सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरांचा करार केला, तेव्हा आपणांस अभिमान वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविकच होते. परंतु आपण विकलेले अस्त्र उद्या कोणाच्या हाती जाईल, कोणावर रोखले जाईल, याचा दाखला आपल्या वतीने कोणी कोणास द्यावयाचा? दुसऱ्यांच्या दाखल्यातील पळवाटांचे परिणाम ज्यांनी सीमेवर भोगले, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारण्याची वाट पाहू नये.