आंधळी भिंत

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगचे रोगी घरांतून उचलून नेले जात, आणि त्या धास्तीनें लोक आजारच लपवीत. २०२० सालीं कोविडच्या अतिदक्षता विभागांबाहेर ताटकळणाऱ्या आप्तांच्या वाट्यास पुष्कळदां दूरध्वनीवरील चार शब्दच आले. विलगीकरण अवश्य, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यासाठीं भिंत आंधळीच असली पाहिजे काय? काँगोंतील बेनी येथें २०१८ सालीं इबोलाच्या रोग्यांसाठीं पारदर्शक भिंतींच्या खोल्या उभारल्या. भिंतीसच जोडलेल्या बाह्यांत हात घालून बाहेरून शुश्रूषा करतां येई, आणि घरचीं माणसें काचेसारख्या त्या पडद्यापाशीं उभीं राहून रोग्याशीं बोलत. हें केवळ समाधानापुरतें नव्हे. अतिदक्षता विभागांत पुष्कळ रोग्यांस भ्रम होतो, दिवस कीं रात्र हेंही उमगत नाहीं. तेथें ओळखीचा आवाज भानावर येण्यास उपयोगी पडतो. शिवाय रोग्यास डाव्या कानानें ऐकूं येत नाहीं, किंवा तो घरच्या नांवासच ओ देतो, हें डॉक्टरांस सांगणार कोण? जवळच्या एकास संरक्षक पोशाख चढवून आंत नेणेंही अशक्य नाहीं. मात्र तो उतरवितांना संसर्गाचा धोका मोठा. त्या वेळीं जाणती परिचारिका शेजारीं हवी, आणि आपल्याकडे परिचारिकाच अपुऱ्या, खरी अडचण ती आहे.