नानीचा लेप आणि खरजेचा इलाज

थंडीचे दिवस आले की आमच्या मुक्ताईनगर परिसरातल्या शाळांत अंग खाजवणारी मुले दिसू लागतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज. ही खरूज. घरोघरी तिच्यावर एकच इलाज ठरलेला : कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून लेप.

हा इलाज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, हिंदीबरोबर उर्दूही होते. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. उर्दू शिकवणारी म्हणून मला याचा अभिमान वाटतो. पण त्या निकालाने एवढेच ठरले की हा वापर नवा नाही. तो किती गुणकारी आहे, हा प्रश्न वेगळा.

त्याचेही थोडे उत्तर आहे. १९९२ मध्ये भारतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खरूज झालेल्या ८१४ जणांना कडुनिंब-हळदीचा लेप लावला, तेव्हा ९७ टक्के लोक ३ ते १५ दिवसांत बरे झाले. आकडा मोठा आहे, पण तुलनेला लेप न लावलेला किंवा दुसरे औषध दिलेला गट नव्हता. म्हणून अभ्यासकांनीही त्याला प्राथमिक अभ्यासच म्हटले.

तुलना कशाला हवी, हे मला एका घरात समजले. सहावीतली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. बाकावर शेजारी कोणी बसेना, म्हणून ती लाजत होती. मी घरी गेले. नानी तिला रोज लेप लावत होत्या, पण फक्त तिलाच. तिन्ही भावंडे एकाच गोधडीत झोपत. खरजेचा बारीक किडा कातडीखाली घर करतो, आणि पहिल्यांदा लागण झालेल्याला चार-सहा आठवडे खाजही येत नाही. मग एकीला बरे करून काय उपयोग?

डॉक्टरांनी परमेथ्रिनचे मलम दिले. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. नानींनी हे सगळे केले आणि लेपही सोडला नाही. मुलगी बरी होऊन वर्गात आली, तेव्हा नानी म्हणाल्या, "देखा टीचर, मेरे लेप से अच्छी हुई ना!"

मी हसून मान डोलावली. दोन्ही इलाज एकदम केल्यावर गुण कशाचा, हे त्या सांगू शकत नाहीत आणि मीही नाही.

बहिणींनो, लेप लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका. पू झाला असेल किंवा तान्हे बाळ असेल तर मुळीच थांबू नका. इलाज सगळ्या घराने एकाच दिवशी करा. आणि खरूज झालेल्या लेकराला कोणी घाणेरडे म्हणू नका. ती स्वच्छ घरातही येते.