रोपं कोण किती टाकतंय

२०२३ च्या उन्हाळ्यात मी तळेगाव ढमढेऱ्यातल्या दोन मित्रांना ठासून सांगितलं होतं, की मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरकडे फिरकू नका. दोघांनीही माझं ऐकलं. ते सांगणं चुकीचं होतं, आणि हे मला मोकळेपणाने मान्य करायचं आहे.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रॅमच्या पट्ट्या रोज हातातून जातात, म्हणून हा धंदा आपल्याला कळतो अशी माझी खात्री होती. जानेवारी २०२२ मध्ये रीतसर बँकेतून डॉलर पाठवून मी मायक्रॉन या अमेरिकन मेमरी कंपनीचे शेअर घेतले, नव्वदीच्या घरात. नफ्याच्या मानाने शेअर स्वस्त दिसत होता. त्या आर्थिक वर्षात कंपनीने ८.७ अब्ज डॉलर कमावलेही. पुढच्याच वर्षी ५.८ अब्जांचा तोटा! मे २०२३ मध्ये चीनने महत्त्वाच्या यंत्रणांमध्ये मायक्रॉनचा माल वापरायला बंदी घातली, तेव्हा माझा धीर सुटला. साठीच्या आसपास सगळं विकून मोकळा झालो. जून २०२४ मध्ये तोच शेअर दीडशेच्या वर होता.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण मी त्यातून जो निष्कर्ष काढला तो जास्त वाईट होता. धंदाच बेभरवशाचा, असं म्हणून मी हात झटकले आणि दुसऱ्यांनाही दूर ठेवलं.

माझं मत बदललं ते आमच्या कांद्याच्या चाळीत. तात्या, म्हणजे माझे चुलते, उन्हाळी कांदा निवडत बसले होते. सडका एका बाजूला, मोड आलेला दुसऱ्या बाजूला. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने भाव कोसळले होते, तरी त्यांनी पुढची लागवड थांबवली नव्हती. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "अरे, आजचा भाव बघून कांदा लावत नसतात. रोपं कोण किती टाकतंय ते बघायचं. भाव चढला की जो तो रोपं टाकतो, आणि पडला की कुणीच टाकत नाही."

मी कांद्याच्या घरातला. हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण चिपशी त्याचा संबंध कधी जोडलाच नव्हता. मेमरी कुणाचीही असो, मोजमाप तेच, त्यामुळे विकली जाते ती भावावर. तेजीत सगळे कारखाने वाढवतात, माल एकदम बाजारात येतो आणि भाव झोपतो. फरक एवढाच, की कांदा चार महिन्यांत येतो आणि चिपचा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात. २००९ मध्ये जर्मनीची किमोंडा आणि २०१२ मध्ये जपानची एल्पिडा अशाच मंदीत दिवाळखोरीत गेली. उरले मुख्यतः तिघे: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एल्पिडाही शेवटी मायक्रॉननेच घेतली.

म्हणजे नफा भरघोस असतो तेव्हा शेअर स्वस्त दिसतो, आणि नेमका तेव्हाच तो जोखमीचा असतो. मी पीई, म्हणजे नफ्याच्या मानाने भाव, बघून घेतला तो भरल्या चाळीचा भाव होता. आणि विकला तेव्हा तिन्ही कंपन्या उत्पादन कापत होत्या, म्हणजे रोपं टाकणं थांबलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण तोट्याच्या आकड्यापुढे मला दुसरं काही दिसलं नाही.

आता रॅमची पुन्हा टंचाई आहे. एआयच्या सर्व्हरला लागणारी एचबीएम मेमरी बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिपसाठीच्या सिलिकॉनच्या चकत्या, खर्ची पडतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यांना माल उरत नाही. २०२५ च्या शेवटी पुण्याचा होलसेलवाला सकाळी सांगितलेला दर संध्याकाळी पाळेना. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या फळीवर त्या पट्ट्या वर्षानुवर्षं होत्या. पूर्वीचा मी असतो तर काउंटरवरची ही ओढ बघून त्याच रात्री शेअर घेतले असते. पण काउंटरवर जे मला दिसतं ते शेअरच्या भावात केव्हाच आलेलं असतं.

त्या दोन मित्रांना दुकानात बोलावून हे सगळं सांगितलं. एकाने लगेच विचारलं, "मग आता घ्यायचे का?"

मी नाही म्हणालो, आणि माझी वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. तीन कंपन्यांचे तीन रकाने आहेत, आणि दर तिमाहीला नव्या कारखान्यांवर व यंत्रांवर कोण किती खर्च करणार, तेवढंच त्यात मी लिहितो. सध्या तिन्ही रकान्यांत आकडे चढते आहेत. ते उतरायला लागतील आणि बातम्यांत तोटा येईल, तेव्हा मी थोडे थोडे घेईन. त्या दिवशी तुम्हा दोघांना फोनही करीन, असा शब्द मी त्यांना दिला आहे.